माळवदाचे लाकूड मोडीत काढू नका

जुन्या घराच्या सागाच्या तुळया लाकूडवाल्याला विकायच्या आणि त्याच दगडमातीच्या भिंतींवर स्लॅब टाकायचा, असे प्रकार खेड्यापाड्यांत होतात. वाचकहो, पक्के घर जरूर बांधा. पण जुन्या भिंती तशाच ठेवून आतले लाकूड काढणार असाल, तर जरा थांबा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत जवळपास ८ हजार माणसे गेली. मारले कुणी? मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींनी आणि डोक्यावरच्या मातीच्या ओझ्याने. मात्र काही घरांत भिंती ढासळल्या, तरी खांब-तुळयांचे खण जागेवर उभे राहिले. हे कसे?

लाकूड वाकते आणि पुन्हा सरळ होते. दगडमातीच्या भिंतीला ते जमत नाही, ती सुटून पडते. शिवाय साग लोखंडाच्या साधारण बाराव्या हिश्शाइतका हलका. लोखंड कितीतरी पट ताठ खरे, पण वजनाच्या मानाने ताठपणा मोजला, तर साग फार मागे नाही. आणखी एक गंमत बघा. लाकूड कायमच्या भारापेक्षा क्षणभराचा भार जास्त सोसते, आणि भूकंपाचा हादरा काही सेकंदांचाच असतो. उलट कायमचे ओझे त्याला हळूहळू वाकवते. दरसाल माळवदावर माती टाकत गेलो की तुळईला झोळ येतो, तो यामुळेच.

लाकडाचा ताठपणा रेषेच्या दिशेने असतो. रेषेला आडवे दाबले, तर तेच लाकूड दहा-वीसपट नरम पडते. तुळई उभट का बसवायची, हेही सुतार पुस्तकाविना जाणतो. रुंदी तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर वाक आठव्या हिश्शावर येतो.

आता कुणी म्हणेल, लाकडाला वाळवी लागते, आग लागते, आणि साग परवडतो कुणाला? खरे आहे. नवा साग घ्या, असे आमचे म्हणणेच नाही. आहे तो सांभाळा. माळवदावरची जादा माती उतरवा. खांब-तुळईच्या सांध्यांना लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट मारा, कोपऱ्यांत तिरके टेकू द्या. खांबाचा बुडखा तळखड्यावर कोरडा ठेवा आणि वाळवी तपासत जा. २००५ च्या काश्मीर भूकंपात लाकडी चौकटीत दगडमाती भरलेली धज्जी-देवारी घरे इतर घरांपेक्षा चांगली टिकली. तिथेही तिरक्या लाकडांनीच काम केले.

जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाने नव्या घरकुलांइतकेच जुन्या घरांकडेही बघावे. अभियंता आणि गावचा सुतार यांनी मिळून गावात अशी दोन घरे दुरुस्त करून दाखवली, तर बाकीचे लोक बघून शिकतील. तोवर निदान एवढे तरी करा. लाकडाचा सौदा ठरवण्याआधी, त्याच्या आधाराशिवाय छप्पर कशावर राहणार, हे जाणत्या माणसाला विचारा.