सर्व्हरची किल्ली कुणाकडे?

इंजिनिअरिंग केलेल्या प्रत्येकाला हा फोन कधी ना कधी येतोच. "बेटा, तू कॉम्प्युटरवाला ना? जरा ऑफिसात येऊन जा." बोलणारे चाचा अब्बांचे मित्र असतात आणि काम कायम 'पाच मिनिटांचं' असतं. मला आलेला फोन एका शिक्षणसंस्थेतून होता. ऑफिसच्या सर्व्हरवर घरून काम करता येईल अशी सोय करून हवी होती.

शिष्यवृत्तीचे हिशेब बघणाऱ्या ताईंची बाळंतपणाची रजा संपत आली होती. घर ऑफिसपासून दीड तासावर. आठवड्यातले तीन दिवस घरून काम करू द्या, एवढंच त्यांचं म्हणणं. दोन विश्वस्तांचा ठाम विरोध: घरून काम म्हणजे माहिती बाहेर जाणार, त्यापेक्षा दुसरा माणूस ठेवू. चाचांना मात्र त्या जायला नको होत्या. आठ वर्षांचे हिशेब त्यांच्याच डोक्यात होते.

सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात सापडला. वर धूळ, आत विंडोज सर्व्हर २००८ आर२. या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० रोजी संपला. त्यानंतर सापडलेल्या भगदाडांना ठिगळं मिळाली ती पैसे भरून मुदतवाढ घेणाऱ्यांनाच. मग बदलत का नाहीत? हिशेबाचं सॉफ्टवेअर कुणा ओळखीच्यानं लिहून दिलेलं, ते नव्या सर्व्हरवर चालत नाही आणि लिहिणारा आता फोन उचलत नाही.

खरी गंमत पुढे आहे. राउटर उघडून पाहिला तर ३३८९ क्रमांकाचं पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवलेलं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचं हे ठरलेलं पोर्ट. मोबाईलवर सीसीटीव्ही दिसावा म्हणून संस्थेनं स्टॅटिक आयपी घेतला होता, त्याच वेळी कुणीतरी ही 'सोय'ही करून गेला होता. वर एनीडेस्क टाकलेलं, कायमच्या पासवर्डसह. तो पासवर्ड म्हणजे संस्थेचं नाव आणि पुढे १२३, आणि तो ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलेला. नोकरी सोडून गेलेली माणसंही त्या ग्रुपमध्ये होतीच.

सर्व्हरच्या सुरक्षा नोंदींत अपयशी लॉगिनची रांग लागली होती. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर, दर काही सेकंदांनी एक प्रयत्न. यात संस्थेशी कुणाचं वैर नसतं. इंटरनेटवर अशी उघडी दारं शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. पोर्टचा क्रमांक बदलला की झालं, असं काही जण सांगतात. त्यानं नोंदींतली गर्दी कमी होते, दार उघडंच राहतं.

म्हणजे ताईंच्या घरी माहिती जाईल म्हणून घाबरणाऱ्यांचं दार साऱ्या जगाला उघडं होतं. सुरक्षेचं कारण पुढे करून बाईला घरून काम नाकारायचं आणि खऱ्या सुरक्षेकडे ढुंकूनही बघायचं नाही, हे मी आयटी कंपन्यांतही पाहिलंय. आपल्या संस्थांत ते जास्त खुपतं, कारण त्या सर्व्हरवर विधवांच्या मुलांचे उत्पन्नाचे दाखले आहेत, आधारच्या प्रती आहेत, बँकेचे खाते क्रमांक आहेत. ज्यांनी मदत मागताना आपली गरिबी कागदावर लिहून दिली, त्यांची ही अमानत आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही माहिती ठेवणाऱ्यावरच तिच्या रक्षणाची जबाबदारी टाकतो.

ही नुसती भीती नाही. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाचं भगदाड उघड झालं. रिमोट डेस्कटॉपमधलं, पासवर्ड माहीत नसतानाही त्यातून आत शिरता येत होतं आणि २००८ आर२ त्यात होतं. दुरुस्ती आली होती, पण जिन्याखालच्या कपाटापर्यंत ती पोहोचवणार कोण? त्याआधी २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय पसरला, तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या दोषातून. त्याची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, ज्यांनी ती टाकली नव्हती ते सापडले. जूनमध्ये नोटपेट्या आला तेव्हा जेएनपीटीतल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम कोलमडलं. हे आपल्या उरणजवळचं.

मग करायचं काय? मी तरी त्या सर्व्हरला बाहेरून कुणाचा हातच लागू द्यायचा नाही असं ठरवलं. पोर्ट बंद, एनीडेस्क काढलं, पासवर्ड बदलले, सर्व्हरचा इंटरनेटही तोडला. अडगळीतल्या एका पीसीवर लिनक्स टाकून त्यावर वायरगार्ड बसवलं. हे व्हीपीएन आहे, फुकट आहे, आणि योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. दार आहे हेसुद्धा बाहेरच्याला कळत नाही. ताईंच्या लॅपटॉपला त्यांची स्वतःची किल्ली. तिच्यानं त्या पोहोचतात फक्त ऑफिसातल्या आपल्या टेबलावरच्या विंडोज ११ च्या पीसीपर्यंत, आणि तो पीसी ऑफिसच्या आतून सर्व्हरशी बोलतो. फाइल आणि क्लिपबोर्ड घरच्या लॅपटॉपवर उतरवायची सोय बंद केली. विश्वस्तांच्या शंकेला निदान तेवढं उत्तर. स्क्रीनचा फोटो काढणं कुणीच थांबवू शकत नाही, हेही त्यांना सांगितलं. तो तर ऑफिसात बसूनही काढता येतो. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून तिजोरीत.

दोन रविवार गेले, पाच मिनिटं नव्हे. पैसे घेतले नाहीत. पण फुकटचं काम म्हणून कसंतरी उरकणं मला पटत नाही. ते पोर्ट उघडून गेलेला मुलगाही बहुधा आपल्यासारखाच, कुणाच्या तरी ओळखीचा, चांगल्या मनानं आलेला. त्यानं काय केलं ते कुठेच लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून नंतर कुणाला विचारताही आलं नाही. मी चार पानं मराठीत लिहून दिली: काय कुठे आहे, लॅपटॉप हरवला तर कोणती ओळ पुसायची, बॅकअप परत येतो का हे कसं तपासायचं. एक प्रत चाचांकडे, एक ताईंकडे. मला पुन्हा बोलवावं लागू नये, हाच हेतू.

सर्व्हर अजून जुनाच आहे. कपाटात कोंडून तो तरुण होणार नाही, हिशेब नव्या सॉफ्टवेअरमध्ये हलवावेच लागतील. खर्चाचा विषय काढला तेव्हा बैठकीत शांतता पसरली, मग कुणीतरी कमानीच्या रंगाचा विषय काढला. आता पुढच्या बैठकीसाठी ताईंनीच तीन दुकानांची कोटेशन मागवून प्रस्ताव तयार केलाय. घरी बसून, बाळ झोपलेलं असताना.