‘मुबारक’ची पाच शकले

गेल्या ईदला मुखेडात एक भलामोठा फ्लेक्स लागला. पुढाऱ्यांचे फोटो झळझळीत, आणि वर उर्दूत ‘ईद मुबारक’. पण ‘मुबारक’ची मीम, बे, अलिफ, रे, काफ ही पाचही अक्षरे सुटी आणि डावीकडून मांडलेली. उजवीकडून वाचणाऱ्याने ‘कराबम’ वाचायचे! आमच्या वर्गातल्या एका पोराने ते जसेच्या तसे वहीत उतरवले. आम्ही लाल रेघ मारली, तर म्हणाला, “सर, इत्ते बड़े बोर्ड पे गलत कैसा रहेंगा?”

फ्लेक्स करणारा मुलगा आपल्याच समाजातला. “कॉम्प्युटरनेच तसे दिले,” म्हणाला. उजवीकडून लिहिणे ठाऊक नसलेल्या प्रोग्राममध्ये उर्दू टाकली की अक्षरे सुटतात, उलटतात. डीटीपीच्या कोर्सात त्याला माऊस शिकवला, लिपी नाही.

नस्तालीकमध्ये शब्द उजवीकडून डावीकडे उतरत जातो. शेजारी बदलला की अक्षराचे रूप बदलते. म्हणून शिशाच्या खिळ्यांत ते कधी धड बसले नाही. कातिबाने लिहायचे, शिळाप्रेसवर छापायचे. (गणपत कृष्णाजींनी 1831 साली मराठी पंचांग छापले तेही शिळाछापावरच.) मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे 20 हजार जोडरूपे हाताने लिहून काढली, तेव्हा 1981 मध्ये लाहोरचे ‘जंग’ नूरी नस्तालीकमध्ये निघू शकले. 1994 मध्ये दिल्लीच्या कंपनीने ‘इनपेज’ आणले आणि तेच वळण साध्या कॉम्प्युटरवर आले. एवढे ठाऊक असलेला पोरगा ‘मुबारक’ तोडेल? निदान त्याला खटकेल तरी.

“वाचतो कोण?” असे आम्हाला ऐकवले जाते. मग लावता कशाला? मोहल्ल्याची मते दिसावीत म्हणून! आणि त्याच फ्लेक्सवर मराठी मजकुराला तलवारीसारखी टोके, वर चांदतारा. म्हणजे मराठी ‘मुसलमानी’ झाली! देवनागरीचेही वळण असते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे, शासनाने 2009 मध्ये निर्णय काढून ते सांगितले. आपल्या पोरांना हेही माहीत नाही. दोन लिप्या घरात असून दोन्हींत अडाणी.

दोष एकट्या पोराचा नाही. वर्गणी देणारे, मजलिशीत उर्दूच्या नावाने गळा काढणारे, आम्ही शिक्षकसुद्धा. छपाईआधी एकानेही प्रूफ पाहिले नाही.

आम्ही त्या दुकानात गेलो. रविवारी दोन तास येऊन पोरांना खत शिकवू, फुकट, म्हणालो. मालक म्हणाले, “इलेक्शन होऊ द्या सर, मग बघू.”