तिकीट काढून कोहिनूर!

लंडनला गेलेले भारतीय कुटुंब बकिंगहॅम राजवाड्यापुढील पहारेबदल डोळे भरून पाहते आणि मग तिकीट काढून टॉवर ऑफ लंडनमध्ये शिरते. तेथे राजमुकुटांपुढून सरकता पट्टा प्रेक्षकांना पाहता पाहता पुढे नेतो. (इतिहास न आठवण्याची केवढी ही सोय!) त्या पट्ट्यावर पालकांनी मुलांना १८४९ च्या लाहोर तहाचे तिसरे कलम सांगावे. कोहिनूर इंग्लंडच्या राणीच्या स्वाधीन करावा, असे ते स्पष्ट बजावते. तहावर सही करणारे महाराज दुलीपसिंग अवघे १० वर्षांचे. मातोश्री जिंद कौर इंग्रजांच्या कैदेत. ही म्हणे ‘भेट’! २०२३ च्या राज्याभिषेकात राणी कॅमिलांच्या मुकुटात कोहिनूर नव्हता. वाद टळला; हिरा टॉवरमध्येच राहिला.