‘राजकीय विश्लेषक’ नावाचा मुखवटा

संध्याकाळी आठ वाजता कोणतीही मराठी वृत्तवाहिनी लावा. पडद्यावर चार-सहा चौकटी दिसतील. एका चौकटीखाली सत्ताधारी पक्षाचा प्रवक्ता असे लिहिलेले असते, दुसऱ्या चौकटीखाली विरोधी पक्षाचा प्रवक्ता. या दोघांबद्दल आमची काही तक्रार नाही. त्यांनी पक्षाचा बिल्ला छातीवर लावलेला आहे, ते पक्षाचे बोलणार हे शेंबडे पोरही जाणते. तक्रार आहे ती तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीतल्या माणसाबद्दल. त्याच्या नावाखाली ‘राजकीय विश्लेषक’ किंवा ‘ज्येष्ठ पत्रकार’ असे लिहिलेले असते. प्रवक्ता ओरडतो, हा शांतपणे बोलतो. प्रवक्त्याच्या बोलण्यातले प्रेक्षक अर्धे सोडून देतो, याचे मात्र पूर्ण ऐकतो, कारण हा कुणाचाच नाही असे त्याला सांगण्यात आलेले असते. आणि नेमका हाच माणूस कुणाचा तरी असतो!

बाजू घेणे हे पाप नव्हे. ज्या दैनिकात हा मजकूर वाचक वाचत आहेत त्यालाही बाजू आहे आणि ती त्याने कधी लपवलेली नाही. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केले तेव्हा आपण तटस्थ आहोत असा आव आणला नव्हता. बहिष्कृतांची बाजू मांडायला दुसरे पत्र नाही म्हणून हे पत्र काढावे लागत आहे, असेच त्यांचे म्हणणे होते. त्या ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला, हा इतिहास चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ आहे. पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’ निघाले, तीही उघड बाजू घेऊनच. तामिळनाडूत तर कलैग्नार टीव्ही द्रमुकची आणि जया टीव्ही अनेक वर्षे अण्णाद्रमुकची होती, हे रिक्षावाल्यालाही माहीत असते. तिथला प्रेक्षक दोन्हीकडचे ऐकतो आणि आपली वजाबाकी आपण करतो. महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला ही वजाबाकी करता येत नाही, कारण त्याच्यापासून मूळ आकडाच लपवलेला असतो.

हा खेळ कसा चालतो याचे ताजे उदाहरण २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकातले भाजपचे तत्कालीन खासदार अनंतकुमार हेगडे यांनी संविधान बदलायचे तर चारशेवर जागा लागतील, असे जाहीरपणे सांगितले. पक्षाने हात झटकले, त्यांना पुन्हा उमेदवारी दिली नाही, पण शब्द तोंडातून गेला तो गेला. त्याच्या आधी ऑगस्ट २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेचे तत्कालीन अध्यक्ष बिबेक देबरॉय यांनी नवे संविधान हवे असा लेख लिहिला होता. परिषदेने ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचा खुलासा केला. म्हणजे संविधानाबद्दलची भीती वस्तीवस्तीत शिरली ती कुणा विरोधकाच्या सुपीक डोक्यातून नव्हे. सत्तेच्या अंगणातूनच ती आली होती.

१ जून २०२४ ला मतदानोत्तर चाचण्या झाल्या. बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या वर जागा दिल्या. काहींनी चारशेपर्यंत मजल मारली. दोन दिवस विश्लेषक मंडळी या जागा का मिळाल्या याची कारणे सांगत होती. न मिळालेल्या जागांची कारणे! ४ जूनला भाजप २४० वर आणि आघाडी २९३ वर थांबली. महाराष्ट्रात ४८ पैकी महायुतीला फक्त १७. मग भाजपच्या नेत्यांनी एक शब्द बाजारात आणला, ‘फेक नॅरेटिव्ह’. नेत्यांनी तो वापरावा, तो त्यांचा धंदा आहे. पण बघता बघता तो शब्द तटस्थ म्हणवणाऱ्या विश्लेषकांच्या तोंडी आला. संविधान बदलाच्या ‘फेक नॅरेटिव्ह’मुळे दलित मते विरोधात गेली, हे वाक्य पक्षाचे मत म्हणून सांगितले गेले नाही. ते निष्कर्ष म्हणून सांगितले गेले. या एका वाक्यात दोन अपमान आहेत. पहिला असा की संविधानाची चिंता खोटी होती. दुसरा असा की आंबेडकरी मतदार स्वतःचे डोके वापरत नाही, त्याला कुणी तरी फसवावे लागते. शेतकरी कांद्याच्या भावासाठी मत देतो तेव्हा तो नाराज मतदार असतो. आपण संविधानासाठी मत दिले की आपण भुललेले ठरतो.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. आपल्यातल्या बऱ्याच जणांना वाटते की पक्षपात फक्त भगव्या बाजूने होतो. तसे नाही. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीला महाराष्ट्रात चाळीस लाखांवर मते मिळाली. पुरोगामी म्हणवणाऱ्या विश्लेषकांनी लगेच ‘बी टीम’ आणि ‘मतविभाजन’ हे दोन शब्द काढले. वंचितच्या राजकारणाशी चळवळीतल्या सगळ्यांचे पटते असे नाही, या स्तंभातही त्यावर टीका होऊ शकते. पण मत ‘फोडले’ असे म्हणायचे तर ते आधी कुणाच्या तरी मालकीचे असावे लागते. आपली मते काँग्रेस आघाडीच्या सातबाऱ्यावर कुणी आणि कधी चढवली?

अकोल्याचा निकाल काढून बघा. २०१९ मध्ये तिथे भाजपचे संजय धोत्रे साडेपाच लाखांवर मते घेऊन विजयी झाले. दुसऱ्या क्रमांकावर अॅड. प्रकाश आंबेडकर होते, पावणेतीन लाखांवर मते घेऊन. काँग्रेसचा उमेदवार तिसरा होता. मग कुणी कुणाची मते खाल्ली? आणि दुसऱ्या-तिसऱ्या उमेदवारांची मते एकत्र केली तरी धोत्रेंची मते जास्तच भरतात. हे साधे बेरजेचे गणित आहे. २०२४ मध्ये मात्र चित्र पालटले. बाळासाहेब तिसऱ्या क्रमांकावर गेले, काँग्रेस दुसऱ्यावर आली आणि त्या दोघांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त होती. तेव्हा मतविभाजनाचा प्रश्न विचारणे रास्तच होते, आपणही तो आपल्या नेत्यांना विचारला पाहिजे. पण जो विश्लेषक २०२४ ला बेरीज करतो आणि २०१९ ला करत नाही, त्याची बाजू ठरलेली आहे. फक्त ती पडद्यावर लिहिलेली नाही.

दोन्ही बाजूंचे विश्लेषक एकमेकांवर तुटून पडतात आणि आपल्याबद्दल बोलताना मात्र एका सुरात बोलतात, याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. २००६ मध्ये एम्सच्या आवारात आरक्षणविरोधी आंदोलन पेटले होते आणि वाहिन्या ते दिवसरात्र दाखवत होत्या, तेव्हा योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या ३७ राष्ट्रीय माध्यम संस्थांमधल्या ३१५ निर्णयकर्त्यांची पाहणी केली. त्यातले ७१ टक्के हिंदू उच्चवर्णीय पुरुष निघाले. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस निघाला नाही. तेरा वर्षांनी, २०१९ मध्ये, ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पुन्हा मोजणी केली. १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते, अनुसूचित जाती-जमाती पुन्हा शून्य. मधल्या काळात केंद्रात सरकार बदलले, मालक बदलले. नेटवर्क १८ रिलायन्सकडे गेले, २०२२ च्या अखेरीस एनडीटीव्ही अदानींकडे गेली. बदलला नाही तो शून्य!

या शून्याची किंमत आपण मोजलेली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्याच आठवड्यात नागपूरला धम्मचक्र प्रवर्तनाच्या सुवर्णमहोत्सवासाठी लाखो लोक जमले होते. नागपूरपासून खैरलांजी काही फार लांब नाही, पण राष्ट्रीय वाहिन्यांचे कॅमेरे तिथे पोहोचायला आठवडे लागले. आधी अनैतिक संबंधांच्या कंड्या पोहोचल्या. लोक रस्त्यावर उतरले तेव्हा तत्कालीन गृहमंत्र्यांनी आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका बोलून दाखवली. बारा वर्षांनी हाच शब्द ‘शहरी’ असे विशेषण लावून परत आला. १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला मानवंदना द्यायला गेलेल्या लोकांवर हल्ला झाला. ३ जानेवारीला महाराष्ट्र बंद झाला, तेव्हा पडद्यावर थांबलेल्या लोकल गाड्या आणि खोळंबलेले प्रवासी होते. मार खाल्लेले लोक कुठे होते? ऑगस्टमध्ये अटका झाल्या, पोलिसांनी पत्रकार परिषदेत पत्रे वाचून दाखवली आणि न्यायालयात काहीही सिद्ध होण्याआधी ‘सुरक्षा विश्लेषकां’नी निकाल लावून टाकला. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या वेगळ्या निकालपत्रात पोलिसांच्या या वागण्यावर ताशेरे ओढले. १४ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे भीमजयंतीच्या दिवशी, डॉ. आनंद तेलतुंबडे यांना अटक झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन देताना दहशतवादी कृत्याचा प्रथमदर्शनी पुरावा दिसत नाही, असे नोंदवले. अडीच वर्षे तुरुंगात गेली ती त्यांची. निकाल आधीच लावून बसलेल्या विश्लेषकाचे काय गेले?

अमेरिकेत निदान एकदा तरी किंमत मोजावी लागली. २०२० ची अध्यक्षीय निवडणूक मतदान यंत्रांमध्ये फेरफार करून चोरली गेली, हा आरोप फॉक्स न्यूजने आपल्या पडद्यावर वारंवार येऊ दिला. डोमिनियन या यंत्र बनवणाऱ्या कंपनीने दावा लावला, तेव्हा निवेदकांचे आपसातले खासगी संदेश उघड झाले. पडद्यावर जे चालले होते त्यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास नव्हता! एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८ कोटी ७५ लाख डॉलर देऊन दावा मिटवला. आपल्याकडे न्यूज ब्रॉडकास्टर्सची स्वनियंत्रण यंत्रणा २०२३ मध्ये जास्तीत जास्त एक लाख रुपये दंड करू शकत होती, आणि तो परिणामकारक नाही असे त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयालाच म्हणावे लागले. एक लाखात तर जाहिरातीचा एक तुकडाही नीट येत नसेल.

चर्चेचे हे पीक एवढे का माजले? कारण ते स्वस्त आहे. गावात बातमीदार पाठवायचा तर गाडी, कॅमेरा, माणसे, दोन दिवसांचा खर्च. सहा माणसांना घरबसल्या जोडून घेतले की तासभराचा कार्यक्रम तयार. ज्यांच्या बातम्या गावकुसाबाहेर घडतात, त्यांचे नुकसान इथूनच सुरू होते.

यात आपलेही काही चुकते, तेही बोलले पाहिजे. शेवटच्या जाहिरातीआधीच्या दोन मिनिटांसाठी आपले नेते धावत जातात. रिपब्लिकन गटातले दोघे समोरासमोर बसवले की वाहिनीला फुकटचा तमाशा मिळतो, आणि आपण तो मिळू देतो. सप्टेंबर २०२३ मध्ये विरोधी आघाडीने १४ निवेदकांवर बहिष्कार टाकला. बहिष्कार टाकण्यासाठी आधी निमंत्रण यावे लागते. आपल्याला ते ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला येते, एरवी अर्थसंकल्पावर, पाण्यावर, परराष्ट्र धोरणावर आपला माणूस कुणाला आठवत नाही. या विषयांवर अभ्यास करून बोलणारी मुले-मुली आपल्या विद्यापीठांतून डझनांनी बाहेर पडत आहेत.

मागणी साधी आहे. विश्लेषक म्हणून बसणाऱ्याने कधी पक्षाचे पद घेतले होते का, निवडणूक लढवली होती का, सरकारी समितीवर आहे का, एखाद्या पक्षाचे प्रचाराचे काम करतो का, हे त्याच्या नावाखाली लिहा. पडद्यावर सोन्याचा भाव धावतो, तिथे एवढी एक ओळ मावायला हरकत नाही. आणि तोपर्यंत प्रत्येक बुद्धविहारात एक वही ठेवावी. एका वाहिनीवर एक आठवडा कोण बसले, काय म्हणून बसले, किती वेळ बोलले आणि कुणाची बाजू घेतली, हे तारीखवार लिहावे. मजकूर आक्षेपार्ह असेल तर प्रक्षेपणापासून सात दिवसांच्या आत वाहिनीकडे लेखी तक्रार करावी लागते, म्हणून वहीत तारखेबरोबर वेळही लिहायला विसरू नये.