मुलांची तपासणी कोण करणार?

प्रदूषणाचा विषय निघाला की आपण सिल्वासाकर वापीकडे बोट दाखवून मोकळे होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या यादीत वापी ८८.०९ गुणांनी देशात दुसरी आली, हे खरे. पण दमणगंगा आधी आपल्या दारावरून जाते, मग वापीकडे. आणि मसाट, पिपरिया, आमली, राखोली इथले कारखाने काही वापीचे नाहीत. करसवलतीच्या काळात ते आले, त्यावर आपल्यातल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. कारखाने बंद करा, असे आम्ही म्हणतच नाही.

प्रश्न मुलांचा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दादरा व नगर हवेलीतल्या पाच वर्षांखालच्या शंभरांतल्या सुमारे ८५ बालकांना ॲनिमिया आढळला. मुख्य कारण आहार, हे मान्य. पण अंगात लोह कमी असले की शिसे जास्त शोषले जाते. शिशाने ॲनिमिया आणखी बळावतो, बुद्धीवरही परिणाम होतो. रक्तात शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लोहाच्या गोळ्या वाटतात, त्या वाटाव्यातच. पण शालेय आरोग्य तपासणीच्या ठरलेल्या यादीत शिसे नाही.

हवेचेही तेच. हवा मोजणारे यंत्र जमिनीपासून निदान तीन मीटर उंच बसवायचे, असा दंडक आहे. पहिलीतले पोर श्वास घेते ते साडेतीन फुटांवर, ट्रकच्या धुराच्या आणि रस्त्यावरच्या धुळीच्या तोंडाशी! वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा हवाही जास्त ओढते.

म्हणून औद्योगिक वसाहतींलगतच्या शाळांत, माध्यम मराठी असो, गुजराती असो वा हिंदी, वर्षातून एकदा फुंक मारून फुफ्फुसांची ताकद मोजावी, रक्तातले शिसे तपासावे आणि मुलांची नावे न देता आकडे जाहीर करावेत. सिल्वासात आता वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर नाहीत ही सबब चालायची नाही.

आपल्याला विधानसभा नाही. २०२० साली दमण-दीवशी जोडले गेलो, तरी ती मिळाली नाही. खासदार, जिल्हा पंचायत आणि नगरपालिका एवढीच दारे. मते मागायला जो कोणी येईल, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला हा प्रश्न आधी विचारायचा. दम्याची, सततच्या खोकल्याची औषधे ज्यांच्या मुलांना चालू आहेत, त्या पालकांनी दवाखान्याच्या चिठ्ठ्यांच्या प्रती मंडळाच्या कार्यालयात आणून द्याव्यात. निवेदनाला त्या जोडायच्या आहेत.