दाभोळचा गॅस, डिमॉकचे पाणी
मार्च २०१८ च्या अखेरीस दीर्घकालीन करारातला अमेरिकी द्रवरूप वायू घेऊन पहिले जहाज दाभोळला लागले, तेव्हा ‘स्वच्छ इंधना’चे भरपूर कौतुक झाले. स्वच्छ खरे, पण जाळताना, उपसताना नव्हे. खडक फोडून वायू काढण्याचे (फ्रॅकिंगचे) काम चालू असलेल्या पेन्सिल्व्हेनियातल्या डिमॉकमध्ये १ जानेवारी २००९ रोजी एका घराच्या आवारातील पाण्याच्या विहिरीत मिथेनचा स्फोट होऊन वरची काँक्रीटची लादी फुटली. काही घरांत तर पाण्याजवळ काडी नेली की भडका उडे. तिथे वायू काढणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये आरोपांना आव्हान न देता नव्या जलवाहिनीचा खर्च पत्करला. त्याच सुमारास तिला तिथे पुन्हा खोदकामाची मुभाही मिळाली! टेक्सासमधील डेंटनच्या मतदारांनी २०१४ मध्ये फ्रॅकिंगवर बंदी घातली, ती राज्याने वर्षाच्या आत मोडीत काढली.

हा प्रश्न केवळ डिमॉक-डेंटनच्या अंगणापुरता नाही. वीस वर्षांच्या हिशेबात हवेत गळालेला मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता अडवतो. उत्पादनाच्या ठिकाणची मिथेन गळती मोजून द्या, अशी अट युरोपीय संघाने २०२४ च्या नियमांत वायू आयातीला लावली. आपल्या सरकारी खरेदीदारांनी पुढच्या करारात ती का घालू नये?