काजव्यांना हेडलाईट

पुणेकराचे घरातल्या विजेशी नाते फार काटकसरीचे. बाथरूमचा दिवा चुकून जळत राहिला, की "काय, लग्नबिग्न आहे का घरात?" हा प्रश्न सबंध सोसायटीला ऐकू जातो. पण हाच गृहस्थ सहलीसाठी गाडी घेतो आणि त्याचा हात एकदम सैल सुटतो. कंपनीने दिलेले दिवे त्याला पुरत नाहीत. स्वारी थेट नाना पेठेत! तिथे टपावर बसवायची दिव्यांची पट्टी, गाडीच्या पोटाखालची निळी माळ, छताला चिकटवायच्या चांदण्या, असा सगळा दिवाळीचा फराळ मांडलेला. "साहेब, रात्री अगदी दिवसासारखं दिसेल," दुकानदार सांगतो. कुणाला दिसेल, ते तो सांगत नाही.

समोरून येणाऱ्याला तर काहीच दिसत नाही. वरंध घाटात एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणावरून अवचित सूर्योदय! विनवणी म्हणून डिपर द्यावा, तर त्याला ते आव्हान वाटते आणि तो टपावरचे आणखी चार सूर्य लावतो.

यामागे थोडे शास्त्र आहे. नेहमीच्या हॅलोजन बल्बात दोन तारा असतात, ६० वॅटची अप्परला आणि ५५ वॅटची डिपरला. त्या तारा नेमक्या कुठे असणार, याचा हिशेब करून मागची चकचकीत वाटी घडवलेली असते. तिच्यात कसलाही एलईडी खुपसला, की प्रकाशाची जागा हलते आणि झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत नाहीतर झाडांच्या शेंड्यांवर फिरायला निघतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत लिहून ठेवले आहे, की झोत कायमचा खाली वळलेला हवा. ८ मीटरवर, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला त्याने दिपवता कामा नये. पुणेकराची नजर दीड मीटरपेक्षा नेहमीच थोडी वर असते, ही गोष्ट वेगळी.

गाडीच्या आत तर निराळीच तऱ्हा. सहलीच्या बशीत छताला जांभळा, खिडकीला गुलाबी, मध्येच हिरवा. या उजेडात आजोबांनी रक्तदाबाची गोळी कोणती आणि साखरेची कोणती, हे कसे ओळखावे? वाचायचा दिवा लावावा, तर फक्त बटण आहे, दिवा नाही. शिवाय आतला झगमगाट पुढच्या काचेत उमटतो, आणि ड्रायव्हरला रस्त्याच्या जागी आपल्याच अंताक्षरीचे प्रतिबिंब दिसते. एस.टी.चा ड्रायव्हर रात्री आतले दिवे मालवतो तो काही महामंडळाचे बिल वाचावे म्हणून नव्हे! डोळ्याला अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, मोडायला एक क्षण पुरतो. पायरीशी एक मंद पिवळा दिवा आणि प्रत्येक आसनापाशी एक बारका, खाली पाहणारा दिवा, एवढे पुष्कळ झाले. पण त्यात मिरवण्यासारखे काय आहे?

आता २०२१ च्या सरकारी धोरणाने कॅराव्हॅनलाही आमंत्रण दिले आहे. चाकांवरचे घर! कल्पना झकास आहे, माझा विरोध नाही. मात्र घर आले की बाहेरचा दिवा आला. तो पांढरा लखलखीत असला, तर तालुक्यातले सगळे किडे जेवायला येतात. पिवळ्यावर कमी येतात, आणि विझवल्यावर मुळीच नाही. हा तिसरा पर्याय अजून कुणी ऐकलेला दिसत नाही.

माझा खरा राग आहे तो काजव्यांच्या बाबतीत. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याला, राजमाचीला झाडेच्या झाडे लुकलुकतात. नर चमकत हिंडतो, मादी बसल्या जागेवरून चमकून उत्तर देते. हा त्यांचा वधूवर मेळावा. आणि हंगाम संपला की आयुष्यही संपले, पुढच्या वर्षी पुन्हा नाव नोंदवायची सोय नाही. त्या मेळाव्यात आपल्या गाड्यांची रांग अप्पर लावून शिरते. कुणी लग्नघरात वेल्डिंग सुरू करावे, तसे! बिचारीने उत्तर दिलेले नराला दिसत नाही. मुले खिडकीतून विचारतात, "बाबा, काजवे कुठेत?" बाबा टपावरची पट्टी लावतात, नीट दिसावे म्हणून.

आणि सोमवारी ऑफिसात सांगतात, "यंदा काजव्यांत काही दम नव्हता हो!"